गवसणीखालची बैठक

जुनी मोटार पुन्हा उभी करणारा मालक इंजिनाबद्दल जितका काटेकोर असतो तितका बैठकीबद्दल नसतो. कार्ब्युरेटर मूळ बनावटीचाच हवा, दिव्यांच्या काचा त्याच काळातल्या हव्यात, रंगाची छटा कारखान्याच्या जुन्या तक्त्याशी जुळायला हवी, यासाठी तो वर्षानुवर्षे थांबतो. बैठकीची वेळ आली की मात्र प्रश्न दोनच उरतात: कातडे की रेक्झिन, आणि रंग कोणता? जुन्या बैठका कुशनवाल्याकडे जातात. त्यांच्या पोटातले केस, काथ्या, गोणपाट आणि गंजलेल्या स्प्रिंगा बाहेर फेकल्या जातात, सांगाड्यावर फोमचा ठोकळा बसतो आणि त्यावर जुन्या छायाचित्रात दिसतात तशा पन्हळी शिवल्या जातात. नव्या बैठकीत मूळ काय उरले, असे विचारले तर उत्तर मिळते की कातडे अगदी तस्सेच आहे. माझे म्हणणे असे की इथे सगळा क्रमच उलटा झाला आहे. मोटारीच्या बैठकीचा इतिहास तपासला तर वरचे आवरण नेहमीच बदलण्यासाठी होते, मालकाच्या आवडीचे होते, कित्येकदा नोकराचा आणि धन्याचा दर्जा सांगण्यापुरते होते. काळाची खरी खूण आत होती. म्हणून जुन्या मोटारीसाठी नवी बैठक घडवायची असेल तर ती आतून बाहेर घडवावी, आणि मोकळीक घ्यायचीच असेल तर ती आवरणात घ्यावी, भरणात घेऊ नये.

हे समजायला मोटारीच्याही मागे जावे लागते. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये दिदरोने संपादित केलेल्या विश्वकोशात घोडागाडीच्या कारागिरांसाठी वेगळी चित्रपाने आहेत, आणि त्यांत खोगीर करणारा आणि गाडी सजवणारा हे एकाच धंद्याचे लोक म्हणून दाखवले आहेत. याला अर्थ आहे. माणसाचा भार धक्के बसणाऱ्या गोष्टीवर तासन् तास कसा पेलायचा, हे ज्ञान खोगिरात तयार झाले आणि तिथून गाडीच्या बैठकीत आले. लंडनमधली बार्कर ही कंपनी १७१० पासून गाड्या बांधत होती आणि हूपर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून. मोटार आली तेव्हा या कंपन्यांनी घोडे गेले म्हणून दुकान बंद केले नाही. रोल्स-रॉइससारखा कारखाना फक्त चाके, इंजिन आणि चेसिस विकत असे. गिऱ्हाईक ती चेसिस बार्कर, हूपर, थ्रप अँड मेबर्ली अशा एखाद्या कोचबांधणी करणाऱ्याकडे नेई आणि वरचे सगळे स्वतःच्या मापाने आणि मर्जीने बांधून घेई. ही रीत दुसऱ्या महायुद्धापर्यंत टिकली. रोल्स-रॉइसच्याच मालकीच्या बेंटलीने १९४६ मध्ये मार्क सहा ही गाडी कारखान्याच्या ठरलेल्या पोलादी सांगाड्यासह विकायला काढली, तेव्हा त्या घराण्यात पहिल्यांदा ठरावीक बैठक आली. म्हणजे ज्या गाड्यांना आपण आज सर्वांत अस्सल अभिजात म्हणतो, त्यांच्या बाबतीत 'कंपनीची मूळ बैठक' अशी काही वस्तूच नव्हती. प्रत्येक बैठक मागणीवरून केलेली होती. धन्याची उंची, मेमसाहेबांच्या टोपीला लागणारी जागा, पडद्यातल्या राण्यांसाठी झाकलेला मागचा भाग, शिकारीसाठी पायऱ्या आणि बंदुकांची सोय, हे सगळे गाडी बांधताना विचारात घेतले जाई. कोट्याच्या महाराजांसाठी बार्करने १९२५ च्या रोल्स-रॉइस फँटमवर बांधलेली शिकारीची गाडी याचे टोकाचे उदाहरण. त्या गाडीला मशीनगनसुद्धा जोडली होती.

मग या बैठकांत समान काय होते? त्यांचे पोट. एक चांगली बैठक कशी घडे ते सावकाश पाहण्यासारखे आहे, कारण आज तिचा उरला आहे तो फक्त बाह्याकार. खाली लाकडाची चौकट. तिच्यावर आडव्याउभ्या ताणून विणलेल्या नवारीच्या पट्ट्या, आपल्या खाटेला असतात तशाच. नवारीवर पोलादी स्प्रिंगा उभ्या करून टाचलेल्या. बैठकीत गुंडाळीची स्प्रिंग वापरण्याची पेटंटे १८२० च्या दशकात व्हिएन्ना आणि लंडनमध्ये घेतली गेली, त्यामुळे मोटार जन्मली तेव्हा ही विद्या पुरती मुरलेली होती. प्रत्येक स्प्रिंग शेजारच्या स्प्रिंगांना सुतळीने आठ दिशांनी बांधायची, अशी की दाबल्यावर ती सरळ खाली जावी, आडवी कलू नये. ही बांधणी म्हणजे कारागिराची खरी परीक्षा. सुतळी सैल राहिली तर बैठक डुलते, जास्त ताणली तर स्प्रिंग असून नसल्यासारखी होते. मांडीखालच्या कडेला बांधणी वेगळी, पाठीच्या खोलगट भागात वेगळी. त्यावर गोणपाट, आणि गोणपाटावर घोड्याचे केस. हे केस म्हणजे शेपटीचे आणि आयाळीचे लांब राठ केस. ते आधी दोरासारखे पिळतात, वाफ देतात, वाळवतात आणि मग पीळ उकलतात. पीळ उकलला तरी केसात वळण कायमचे राहते आणि असा प्रत्येक केस स्वतःच एक बारीक स्प्रिंग होतो. हे केस मूठमूठ पसरून, दाभणाने टाके घालून कडा घट्ट करायच्या, म्हणजे बैठकीची धार वर्षानुवर्षे ढासळत नाही. त्यावर पातळ कापूस, त्यावर साधे मांजरपाट, आणि सर्वांत शेवटी कातडे किंवा कापड.

आता वरून दिसणाऱ्या नक्षीकडे पाहू. जुन्या बैठकांवर खोल रुतलेली बटणे आणि त्यांतून निघालेले चौकटीचे आकार दिसतात. काही गाड्यांत उभ्या पन्हळी दिसतात. आज आपण त्यांना शैली म्हणतो. त्या काळी ती गरज होती. केसांचे भरण मोकळे असते, बसण्याउठण्याने ते सरकते आणि मधोमध खड्डा पडतो. ते जागच्या जागी धरून ठेवण्यासाठी थोड्या थोड्या अंतरावर बटण ओढून बांधावे लागे, किंवा कापडाच्या अरुंद नळ्या शिवून त्यांत भरण ठासावे लागे. कातड्याला पडलेल्या चुण्या हा त्या बंदोबस्ताचा वर दिसणारा परिणाम होता. फोमला सरकणेच माहीत नाही. त्यामुळे फोमच्या ठोकळ्यावर शिवलेली पन्हळ केवळ आठवणीपुरती उरते. ती दिसायला सुंदर असू शकते, पण तिला कारण नाही. जुन्या गाडीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक देखण्या बैठका याच जागी कच्च्या ठरतात, आणि जाणकाराला ते हात न लावता कळते, कारण केसांच्या भरणावरची पन्हळ थोडी फुगीर आणि किंचित असमान असते, फोमवरची सपाट आणि एकसारखी.

आवरणाचा इतिहास याच्या अगदी उलट दिशेने जातो. आज कातड्याची बैठक म्हणजे ऐश्वर्य असे आपण धरून चालतो. घोडागाडीच्या आणि सुरुवातीच्या मोटारींच्या काळात ही उतरंड वेगळी होती. चालक उघड्यावर, पावसात आणि उन्हात बसे, म्हणून त्याच्या बैठकीला टिकाऊ कातडे. मागे काचेच्या आड बसणाऱ्या धन्यासाठी मऊ लोकरी कापड, कधी रेशीम. १९२६ च्या एका फँटम गाडीच्या मागच्या भागात तर फ्रान्समधल्या ओबुसाँ गावच्या विणकरांचे चित्रकापड बसवले होते, राजवाड्यातल्या खुर्च्यांना असते तसे. ही जुनी रीत अजून पुरती मेलेली नाही. २००२ मध्ये ब्रिटनच्या राणीला राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात बेंटलीने जी राजगाडी दिली, तिच्यात मागची बैठक लोकरी कापडाची आणि बाकी सगळीकडे कातडे आहे. याचा अर्थ एवढाच की आवरण हे ऋतू, दर्जा आणि आवड यांना बांधलेले होते. त्यावर सैल गवसण्या घालण्याची पद्धतही होती, म्हणजे चांगले कापड रोजच्या वापरात मळू नये. आणि कातडे फाटले, विरले तर कारागीर ते उतरवी, आतले केस धुऊन, पिंजून, मोकळे करून पुन्हा भरी आणि नवे आवरण चढवी. आपल्या घरांत कापसाच्या गादीचे हेच होत असे. पिंजारी दारात येई, गादी उसवे, कापूस पिंजून फुलवी आणि नव्या खोळीत भरी. खोळ कितीदा बदलली याचा हिशेब कुणी ठेवत नसे, कापूस मात्र घरचाच राही. घोडागाडीच्या जमान्यात बैठकीकडे पाहण्याची दृष्टी अशीच होती. भरण ही ठेव, आवरण हा खर्च.

ही व्यवस्था मोडली ती मोठ्या प्रमाणावरच्या उत्पादनाने. फोर्डच्या मॉडेल टी गाडीने बैठकीला वेळ द्यायलाच नकार दिला. कातडे महाग आणि त्याचा प्रत्येक तुकडा वेगळा, म्हणून कापडावर लेप चढवून केलेले कृत्रिम कातडे आले. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या हाइड गावात तयार होणारे रेक्झिन तर इतके पसरले की ते व्यापारी नाव आहे हे आपण विसरूनही गेलो. मग पोटाची पाळी आली. हाताने बांधायच्या उभ्या स्प्रिंगांऐवजी यंत्राने वाकवलेल्या नागमोडी स्प्रिंगा, मोकळ्या केसांऐवजी रबराच्या रसात बुडवून साच्यात दाबलेले केस किंवा काथ्या. इंग्लंडमध्ये मोस्ले कंपनीच्या हवा भरायच्या गाद्या काही वर्षे लोकप्रिय झाल्या. मालक आपल्या वजनाप्रमाणे हवा कमीजास्त करी. १९२९ मध्ये डनलॉपच्या प्रयोगशाळेत रबराचा चीक फेसाळून त्याची गादी करण्याची युक्ती सापडली. आपल्याकडे अजूनही जुनी माणसे मऊ गादीला डनलॉपची गादी म्हणतात, ते त्यामुळेच. १९५० च्या दशकात पिरेलीच्या रबरी पट्ट्यांनी नवारीची आणि स्प्रिंगांची कामे एकत्र केली, आणि पाठोपाठ पॉलियुरेथेन फोम स्वस्त झाला. पुढेमागे सरकणारी बैठकही सर्वत्र आली. ही गोष्ट लहान वाटते, पण मापाने बैठक करून घेण्याची प्रथा मोडण्यात तिचा वाटा मोठा असला पाहिजे, असे मला वाटते. माणसाच्या मापाची बैठक करण्याऐवजी बैठकच माणसाकडे सरकवता आली, तर शिंप्याची गरज कुणाला?

म्हणून जुन्या बैठकीचा काळ आवरणावरून नव्हे, तिच्या पोटातल्या या थरांवरून ओळखता येतो. १९४८ च्या सित्रोएन टू सीव्ही गाडीच्या बैठका पाहा. नळीच्या चौकटीवर रबरी पट्ट्यांनी ताणलेले कापड, इतके हलके की बैठक उचलून शेतात बसायला नेता येई. तिथे आवरण आणि बांधणी हे वेगळे करताच येत नाही, कारण भरणच नाही. १९५४ च्या मर्सिडीझ ३०० एसएलच्या चौकडीच्या कापडाच्या बैठका आज प्रसिद्ध आहेत. पण कुणी ते चौकडीचे कापड आणून टू सीव्हीच्या चौकटीवर ताणले, तर ती मर्सिडीझची बैठक होणार नाही. उलट मर्सिडीझच्या मूळ बांधणीवर दुसरे कापड चढवले तरी ती मर्सिडीझचीच राहील. हा भेद एकदा लक्षात आला की पुढचे सगळे सोपे होते.

आपल्या देशात या प्रश्नाला वेगळे वळण आहे. १९५३ च्या टॅरिफ आयोगाच्या शिफारशींनंतर सरकारने फक्त देशात उत्पादन करणाऱ्या कंपन्यांना मोकळीक दिली, आणि मुंबईत सुटे भाग जोडून गाड्या करणारे जनरल मोटर्स आणि फोर्ड १९५४ पर्यंत आवरते घेऊन निघून गेले. उरल्या त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या गाड्या. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० निघू लागली. १९६४ मध्ये ती ११०० डिलाइट झाली, मग प्रेसिडेंट, आणि १९७४ पासून पद्मिनी. गाडी मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागे, म्हणून मिळालेली गाडी टिकवावी लागे. एका गाडीचे आयुष्य वीस-तीस वर्षे, आणि त्या आयुष्यात बैठक कितीदा तरी उसवली आणि शिवली जाई. कुशनवाल्याचा धंदा या टंचाईवर उभा राहिला. त्याने घोड्याचे केस क्वचितच पाहिले असतील. त्याच्या हाताशी काथ्या होता, गोणपाट होते, सुतळी आणि दाभण होते, आणि सोफा शिवण्याची विद्या होती. काथ्याला कमी लेखण्याचे कारण नाही. जर्मनीत फोक्सवॅगन आणि मर्सिडीझ यांनीही रबर लावलेला नारळाचा काथ्या बैठकांत अनेक वर्षे वापरला, तोही हौसेने नव्हे तर त्यातून हवा खेळते आणि तो दबून बसत नाही म्हणून. केरळच्या काथ्याने भरलेली मुंबईतली फियाटची बैठक ही त्या अर्थाने जगातल्या चांगल्या बांधणीच्या जवळची होती. पुढच्या भागात गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर असल्यामुळे मधे अडथळा नसे, बाकासारखी लांब बैठक शक्य होई, आणि अशा बैठकीला आतून भक्कम असण्याशिवाय गत्यंतर नसते.

टॅक्सीने तर आवरण आणि पोट यांतला फरक रोज दाखवून दिला. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनीत रेक्झिन, त्यावर प्लास्टिक, त्यावर टॉवेल, कधी मोराच्या किंवा गुलाबांच्या छापाचे कापड, अशी आवरणे येत आणि जात. २०१५ च्या सुमारास टॅक्सी फॅब्रिक नावाच्या उपक्रमाने तरुण चित्रकारांकडून कापडांची चित्रे करवून घेऊन ती टॅक्सींच्या बैठकांवर आणि छताला लावली. त्या टॅक्सीत बसणाऱ्या कुणालाही ती पद्मिनी कमी वाटली नाही, कारण तिची बैठक होती तिथेच होती, तितक्याच उंचीवर, तितकीच दबणारी. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे गेली. टॅक्सीचालकांच्या संघटनेने निदान एक टॅक्सी तरी जतन करावी अशी मागणी केली होती. ती जतन करायची तर तिच्यात बैठक कोणती ठेवायची? कारखान्यातून निघाली तशी कोरी, की वीस वर्षांत चालकाने आणि कुशनवाल्याने मिळून घडवली ती? मी बेशक दुसरीच्या बाजूने आहे. तिच्या थरांत मुंबईचा एक सबंध धंदा शिवलेला आहे, आणि तो दुसरीकडे कुठे लिहून ठेवलेला नाही.

कायद्याचे लक्षही बैठकीकडे गेलेले नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी जे नियम केले, त्यांत गाडी मूळ रूपात असावी, चेसिसमध्ये, सांगाड्यात किंवा इंजिनात मोठे बदल केलेले नसावेत, अशी अट आहे. बैठकीचे नाव त्यात नाही. जुन्या मोटारींची आंतरराष्ट्रीय संघटना १९६६ पासून आहे आणि तिने गेल्या दशकात तुरीनची सनद म्हणून एक मार्गदर्शक मसुदा केला आहे. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये व्हेनिसला जी सनद झाली तिच्या धर्तीवरची ही सनद. हस्तक्षेप कमीत कमी असावा आणि नवे भाग नवे म्हणून ओळखता यावेत, ही तिची दिशा आहे. ही दिशा बैठकीच्या पोटाला लावायला कुणी अडवलेले नाही. लावली मात्र जात नाही.

माझ्या या म्हणण्यावर पहिला आक्षेप जतन करणाऱ्यांकडूनच येईल, आणि तो वजनदार आहे. जुने कातडे हाही पुरावा नाही का? त्यावरच्या भेगा, चालकाच्या बाजूला झिजलेली कड, उन्हाने उडालेला रंग, हे सगळे पुसून टाकण्याची परवानगी मी देतो आहे, असे ते म्हणतील. नाही. पहिले आवरण जर अजून अंगावर असेल आणि शिवणी धरून असतील, तर त्याला हात लावू नये. त्याची पडझड थांबवण्यापुरते करावे आणि थांबावे. तिथे नव्या बैठकीचा प्रश्नच उद्भवत नाही. माझा मुद्दा त्या असंख्य गाड्यांबद्दल आहे ज्यांचे पहिले आवरण केव्हाच गेले, ज्यांवर तिसरे किंवा चौथे रेक्झिन आहे. तिथे मालक तिसरे आवरण काढून टाकताना खाली टिकून राहिलेले पहिले भरणही काढून टाकतो. पुरावा नष्ट होतो तो त्या क्षणी. आणि ज्या आवरणाच्या 'अस्सलपणा'साठी तो महिनाभर कातड्याचे नमुने पाहत बसतो, ते आवरण तरी अस्सल कुठे असते? लंडनच्या ज्या कॉनली घराण्याने १८७८ पासून कातडी पुरवली आणि रोल्स-रॉइस, जॅग्वार, फेरारी यांच्या बैठकांना आपले नाव दिले, त्यांचा कातडी कमावण्याचा जुना कारखाना २००२ मध्ये बंद झाला. आज त्या रंगाचे कातडे मिळते, तेच कातडे मिळत नाही. उलट केस, काथ्या, सुतळी, नवार आणि स्प्रिंगा मात्र तशाच मिळतात, आणि त्या बांधण्याची पद्धतही तीच राहू शकते. अस्सलपणा शक्य आहे तो नेमका जिथे आपण शोधत नाही तिथे.

दुसरा आक्षेप सोयीचा आहे. फोम आरामशीर, स्वस्त, आणि कुठेही मिळतो. केसांची किंवा काथ्याची बैठक करायला दिवस लागतात आणि मजुरी भरमसाट होते. मजुरीचे खरे आहे. पण आरामाबद्दल शंका आहे. जुन्या गाडीची मागची पाटा-स्प्रिंग कडक असते, आणि धक्का शोषण्याचे निम्मे काम बैठकीकडे सोपवलेले असते. बैठक ही त्या गाडीच्या धक्के शोषणाऱ्या यंत्रणेचा भाग होती. तिच्या जागी घट्ट फोम घातला तर खड्ड्याचा दणका सरळ कण्याला बसतो. मऊ फोम घातला तर माणूस खोल रुतून बसतो, डोळे काचेच्या खालच्या कडेजवळ येतात आणि मोठ्या चाकाचे स्टिअरिंग मांडीला घासते. मूळ आराखडा करणाऱ्याने बसलेला माणूस किती उंचीवर असेल हे धरूनच काच, स्टिअरिंग आणि पायाचे दांडे मांडलेले असतात. ती उंची बिघडली की गाडी चालवण्याचा अनुभवच बदलतो, आणि आपण ज्या गाडीचे कौतुक करतो ती गाडीच आपल्या हाती राहत नाही. टिकाऊपणातही फोम मागे पडतो. पॉलियुरेथेन दमट हवेत आणि उजेडात काही दशकांत कुरकुरीत होऊन भुगा होतो. विसाव्या शतकातल्या खुर्च्या सांभाळणारी संग्रहालये या भुग्याने हैराण आहेत. मुंबईच्या आणि कोकणच्या दमट हवेत तर हे अधिकच लवकर. घोड्याच्या केसांची शंभर वर्षांपूर्वीची गादी मात्र उसवून, धुऊन आजही भरता येते.

सुरक्षिततेचा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. जुन्या बैठकीला डोके टेकायला आधार नाही, पाठीचा सांगाडा मागून धक्का बसल्यास वाकतो, कमरेचा पट्टा बांधायला जागा नाही. गाडी फक्त मिरवणुकीत दहा किलोमीटर चालणार असेल तर गोष्ट वेगळी. पण ती पुणे-मुंबई महामार्गावर धावणार असेल, त्यात मुले बसणार असतील, तर सांगाड्याला पोलादाची जोड द्यावी, पट्ट्याचे बोल्ट चेसिसपर्यंत न्यावेत आणि काढता घालता येणारा डोक्याचा आधार बसवावा. यात इतिहासाशी द्रोह नाही. फक्त जोड अशी द्यावी की उद्या ती काढता येईल, आणि जुना सांगाडा कापून टाकू नये. चामडे नको असणाऱ्या मालकांनाही कचरण्याचे कारण नाही. लोकरी कापड किंवा जाड सुती कापड निवडताना ते मोटारीच्या परंपरेबाहेर जात नाहीत. त्या परंपरेत मागच्या मानाच्या जागेवर कापडच असे. आणि परवडत नाही म्हणणाऱ्यांना सांगायचे ते हे की घोड्याचे केसच हवेत असे मुळीच नाही. फियाटसाठी, अँबॅसडरसाठी काथ्या हेच काळाला धरून असलेले भरण आहे, आणि ते आपल्याकडे मुबलक आहे. दुर्मिळ आहे तो स्प्रिंगा आठ दिशांनी बांधणारा हात. तो हात अजून सोफ्याच्या कारखान्यांत, जुन्या गल्ल्यांतल्या कुशनच्या दुकानांत सापडतो. पण त्याच्याकडे फोम कापण्याचेच काम आले तर पुढच्या पिढीत तो सापडणार नाही. कातड्यावर जो पैसा ओतला जातो त्याचा तिसरा हिस्सा जरी या बांधणीवर गेला तरी एखाद्या कारागिराला मुलाला हे काम शिकवावेसे वाटेल.

म्हणून जुन्या गाडीच्या मालकांना विनंती अशी. बैठक उसवाल तेव्हा आधी प्रत्येक थराची छायाचित्रे घ्या, बसलेल्या माणसाची उंची जमिनीपासून मोजून ठेवा, आणि केस, काथ्या, गोणपाट, सुतळी यांचा प्रत्येकी एकेक नमुना चिठ्ठी लावून पाकिटात घाला. भरण वापरण्याजोगे असेल तर ते पिंजून परत भरा, फेकू नका. आवरण तुमच्या आवडीचे निवडा. तो हक्क गाडीच्या पहिल्या मालकालाही होता. आणि काम संपल्यावर बैठकीच्या खालच्या लाकडी पाटीवर कुशनवाल्याचे नाव आणि वर्ष त्याच्याच हाताने लिहून घ्या.